ग्रँड म्हणजे थोर की थोरला? सुरतेच्या इंग्रजी कागदांतील एक विशेषण

जानेवारी १६६४ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीत जी टिपणे लिहिली गेली, त्यांत शिवाजी महाराजांच्या नावाला एक बिरुद चिकटलेले आहे : डेक्कनचा ‘ग्रँड रिबेल’. मंगळवारी ५ तारखेच्या सकाळी हा माणूस शहरापासून दहा-पंधरा मैलांवर येऊन ठेपल्याची वार्ता आली, असा तो मजकूर. बिरुदातल्या दुसऱ्या शब्दावर, म्हणजे ‘बंडखोर’ या शब्दावर, आपल्याकडे भरपूर लिहून झाले आहे. पहिल्याकडे कोणी फारसे बघत नाही, कारण तो आपल्याला येतो असे प्रत्येकाला वाटते. ग्रँड म्हणजे भव्य, शानदार. लग्नाचा हॉल ग्रँड, हॉटेल ग्रँड, दिवाळीचा सेल ग्रँड.

त्यातून मग दोन तट पडतात. जानेवारी आला की मोबाईलवर मजकूर फिरतो की, बघा, इंग्रजांनीसुद्धा महाराजांना ‘महान बंडखोर’ म्हटले, शत्रूनेही थोरवी मान्य केली. त्याला उत्तर म्हणून दुसरा मजकूर येतो की ही स्तुती वगैरे काही नाही, शुद्ध उपहास आहे. आमच्या मंडळाच्या बैठकीतही हा वाद दोनदा झाला आणि दोन्ही वेळा चहा गार झाला. माझे म्हणणे असे की दोघेही आजचा शब्द हातात घेऊन साडेतीनशे वर्षांपूर्वीचा कागद वाचत आहेत.

मी मूळचा स्थापत्य अभियंता. आमच्या धंद्यात हे विशेषण रोज भेटते आणि तिथे त्याचा जुना अर्थ शाबूत आहे. एस्टिमेटमध्ये प्रत्येक पानाची बेरीज असते, प्रत्येक भागाची असते आणि शेवटच्या पानावर येते ती ‘ग्रँड टोटल’. ती शानदार नसते. बहुतेक वेळा ती बघून घरमालकाचा चेहरा पडतो. ती फक्त इतर बेरजांच्या वरची, सगळ्यांना पोटात घेणारी बेरीज असते. ‘ग्रँडफादर’चेही तसेच. त्याचा अर्थ भव्य बाप असा कोणी करत नाही. बापाच्या वरची पायरी, एवढेच.

लॅटिनमध्ये ‘ग्रँडिस’ म्हणजे मोठा, पूर्ण वाढलेला. तिथून फ्रेंचमध्ये ‘ग्राँ’ आणि फ्रेंचमधून इंग्रजीत ‘ग्रँड’. इंग्रजीकडे मोठेपणासाठी स्वतःचा ‘ग्रेट’ होताच. म्हणून बाहेरून आलेल्या या शब्दाला बराच काळ वेगळे काम मिळाले : पदवी, पायरी आणि दर्जा दाखवण्याचे. विशेषतः कायद्याच्या भाषेत. तिथे त्याचा जोडीदार शब्द आहे ‘पेटी’, म्हणजे लहान. ग्रँड ज्युरी आणि पेटी ज्युरी. पहिलीत माणसे जास्त आणि खटला चालवण्याजोगा आहे की नाही एवढेच ती ठरवी. दुसरीत बारा जण आणि निकाल त्यांच्याकडे. मुंबईच्या कोर्टातही एकोणिसाव्या शतकात ग्रँड ज्युरी बसत असे. चोरीचेही दोन प्रकार होते. बारा पेन्सांपेक्षा जास्त किमतीचा माल असेल तर ‘ग्रँड’ चोरी, कमी असेल तर ‘पेटी’. पहिलीला फाशी होऊ शकत असे. त्या चोराचे कोणी कौतुक करत नव्हते हे सांगायला नको.

तुर्कस्तानच्या सुलतानाला त्या काळचे इंग्रज ‘ग्रँड सेन्यर’ म्हणत आणि त्याच्या मुख्य प्रधानाला ‘ग्रँड व्हिझियर’. इथेही तेच, सरदार अनेक, त्यांतला सर्वांत वरचा. (मुंबईच्या ग्रँट रोड स्टेशनाला सुरतेहून जाणारी अर्धी गाडी ‘ग्रँड रोड’ म्हणते. तो रॉबर्ट ग्रँट नावाचा गव्हर्नर, त्याचा या चर्चेशी संबंध नाही.)

आता मराठीत या विशेषणाला कोणता शब्द जुळतो? ‘थोर’ म्हटले की अर्थ हुकतो. पण त्याच मुळाचा एक शब्द जवळच उभा आहे : थोरला. थोर म्हणजे गुणांनी मोठा. थोरला म्हणजे क्रमाने वरचा, आणि त्याचा जोडीदार धाकटा. थोरला भाऊ थोर असेलच असे नाही, हे प्रत्येक धाकट्याला ठाऊक असते. देवासच्या पवारांचे राज्य दोन घरांत वाटले गेले, तेव्हा त्यांना थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणू लागले. इंग्रजांनी त्याचे भाषांतर ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ असे केले आणि ते अगदी बरोबर केले. थोरले बाजीराव हे दुसऱ्या बाजीरावांच्या तुलनेत थोरले. थोरले माधवराव तर सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला गेले. त्यांचे थोरलेपण वयाचे नाही, सवाई माधवरावांच्या आधीचे म्हणून आहे. हे दोघेही पेशवे थोर होते हे खरे, पण ते या शब्दाने सांगितलेले नाही. ते त्यांच्या कामाने सांगितले आहे. आपल्या पोरांना शाळेत ‘थोरले’ म्हणजे ‘ग्रेट’ असे शिकवतात तेव्हा नेमका ‘ग्रँड’सारखाच घोटाळा होतो, फक्त उलट्या दिशेने.

सुरतेत राहणाऱ्याला आणखी एक सोय आहे. गुजरातीतला ‘मोटो’ दोन्ही कामे करतो. मोटाभाई म्हणजे थोरला भाऊ आणि मोटो माणस म्हणजे बडी असामी. एकाच शब्दात पायरीही आणि वजनही. वखारीतल्या लेखनिकाच्या ‘ग्रँड’ची जागा मला या ‘मोटो’च्या सर्वांत जवळची वाटते.

म्हणजे ‘डेक्कनचा ग्रँड रिबेल’ याचा सरळ अर्थ : दख्खनातल्या बंडखोरांपैकी मुख्य. आता हे वाक्य लिहिणाऱ्याच्या जागी बसून बघू.

कंपनीच्या लेखी दख्खनात बंडखोर पुष्कळ होते. कारवारकडचे देसाई आणि नाईक आज सुलतानाबरोबर, उद्या त्याच्याविरुद्ध. जो सत्तेचा हुकूम मानत नाही तो रिबेल, अशी साधी व्याख्या. यात इंग्रजांचे तत्त्व वगैरे काही नव्हते. त्यांचा व्यापार बादशहाच्या फर्मानावर चाले, वखार मोगलांच्या बंदरात होती. त्यामुळे त्यांचा शब्दकोशही दरबाराचाच. आणि ‘डेक्कन’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर बऱ्याचदा विजापूरचे राज्य असे. तेव्हा हा मूळ अर्थाने आदिलशाहीचा बंडखोर, जो आता मोगलांच्या दारात आला आहे.

महाराजांची ओळख कंपनीला नवी नव्हती. १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन तिथे गेला आणि इंग्रजी निशाण लावून किल्ल्यावर मारा केला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर लुटले आणि रेव्हिंग्टन व त्याच्या साथीदारांना कैदेत टाकले. १६६३ मध्ये त्यांची सुटका झाली. म्हणजे सुरतेवर स्वारी झाली, तेव्हा ही जखम पुरते वर्षभरही जुनी नव्हती. इतक्या बंडखोरांतून ‘मुख्य’ हा शिक्का याच माणसाला लागला तो अनुभवातून.

शब्द ‘रिबेल’ही त्या इंग्रजांना हलका नव्हता. त्यांच्या स्वतःच्या देशात राजाचे मुंडके उडवून पंधरा वर्षे झाली होती. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि जानेवारी १६६१ मध्ये क्रॉमवेलचे प्रेत थडग्यातून उकरून फासावर लटकवले गेले. ‘बंडखोर’ या शब्दाने राज्य उलथते, हे सुरतेच्या वखारीतल्या प्रत्येकाने आपल्या तरुणपणी बघितलेले किंवा ऐकलेले होते. अशा पिढीने कोणाला मुख्य बंडखोर म्हणणे म्हणजे पेंढारी म्हणणे नव्हे. राज्य बदलू शकणारा माणूस, हा अर्थ त्यात आपोआप येत असणार. हा माझा तर्क आहे, पण मला तो पक्का वाटतो.

पुढचे चार दिवस सर्वांना माहीत आहेत, म्हणून थोडक्यात. महाराज गणदेवीकडून आले. बुधवार ६ तारखेला फौज शहरात शिरली. सुभेदार इनायतखान तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला. वीरजी व्होराचे घर लुटले गेले. हाजी जाहिद बेगचे घर इंग्रज वखारीला लागून होते, तेही लुटले गेले. प्रेसिडेंट जॉर्ज ऑक्सिंडेन याने सुवाळीच्या जहाजांवरून खलाशी आणवले, ढोल-कर्णे वाजवत त्यांना शहरातून फिरवले आणि वखार राखली. रविवार १० तारखेला फौज परतली. (या तारखा इंग्रजांच्या जुन्या पंचांगाच्या. आजच्या हिशोबाने दहा दिवस मिळवायचे. शिवाय त्यांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून मूळ कागदावर साल १६६३ दिसते. ती छपाईची चूक नाही.)

मग ऑक्सिंडेन आणि मंडळींनी लंडनला हकिकत कळवली. इथे ‘ग्रँड’ला थोडे जादा वजन येते. कंपनीच्या संचालकांना पत्र लिहिताना आपण कोणापासून माल वाचवला, हे सांगणे फायद्याचे. किरकोळ दरोडेखोराला पिटाळले यात काय कौतुक? मुख्य बंडखोर दारात होता आणि तरी वखार राहिली, ही गोष्ट वेगळी. आम्हीही साइटवरून हेड ऑफिसला पुराचा रिपोर्ट पाठवताना पाण्याची पातळी कमी करून लिहीत नाही.

त्याच प्रसंगावरचे दुसरे पत्र वखारीचा पाद्री जॉन एस्कॅलियट याचे आहे. त्याने २६ जानेवारीला नॉरिचच्या डॉक्टर थॉमस ब्राऊनला लिहिले. हा ब्राऊन साधा वैद्य नव्हता. इंग्रजी भाषेत शेकडो नवे शब्द ज्याच्या लिखाणात पहिल्यांदा सापडतात, तो हा माणूस. ‘इलेक्ट्रिसिटी’ हा शब्दही त्याच्याच नावावर मांडतात. त्याला गेलेल्या या पत्रात महाराजांचे वर्णन आहे, आणि तिथे दुसरा सापळा लपला आहे. पाद्री म्हणतो, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या सांगण्यानुसार ते ‘मीन’ उंचीचे आहेत. बांधा सरळ आणि प्रमाणबद्ध, नजर तीक्ष्ण, बोलताना हसल्यासारखे वाटतात. या ‘मीन’वर भडकलेले वाचक मी पाहिले आहेत, कारण आजच्या इंग्रजीत मीन म्हणजे नीच, क्षुद्र. अहो, मीन म्हणजे मध्यम! गणितातली सरासरी ती ‘मीन’, आणि समुद्रसपाटी मोजतो ती ‘मीन सी लेव्हल’. पाद्री फक्त सांगतो आहे की उंची बेताची होती. त्या वर्णनात राग शोधूनही सापडत नाही. उलट ते लक्षपूर्वक केलेले आहे.

तिसरा सापळा १६७० च्या पत्रात. त्या वर्षी इंग्रज लिहितात की शिवाजी आता पूर्वीसारखा चोरपावलांनी येत नाही, तर ‘ग्रॉस’मध्ये येतो, तीस हजारांची फौज घेऊन, मुलूख जिंकत. आजची कॉलेजची मुले ‘ग्रॉस’ म्हणजे किळसवाणे समजतात. पण पगाराच्या स्लिपवर तो अजून जुन्याच अर्थाने आहे : ढोबळ, एकगठ्ठा. एकवटून, मोठ्या फौजेनिशी, एवढेच म्हणायचे होते. या वाक्यात मात्र खरी कबुली आहे. विशेषणात नाही, क्रियापदात आहे : ‘जिंकत’. बंडखोर लुटतो, जिंकतो तो राजा. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली.

आणि १६७४ मध्ये जॉर्ज ऑक्सिंडेनच्याच घराण्यातला हेन्री ऑक्सिंडेन नजराणा घेऊन रायगडावर राज्याभिषेकाला हजर राहिला. राजापूरच्या नुकसानीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती, हे त्याचे काम. त्या तहाच्या कागदात रिबेलला जागा असणे शक्यच नव्हते. राजाशी तह होतो, बंडखोराशी वाटाघाट होते. दहा वर्षांत नाम बदलले आणि नाम बदलल्यावर विशेषणाचे कामच संपले. कोणाची थोरवी इंग्रजांनी केव्हा मान्य केली, हे बघायचे असेल तर मी १६६४ चा ‘ग्रँड’ बाजूला ठेवून ही दहा वर्षे वाचा असे सांगेन.

मग आजचा घोळ कुठून आला? बराचसा एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून. मुंबई इलाख्यात आयसीएस अधिकारी असलेला डेनिस किंकेड याचे शिवचरित्र १९३७ साली निघाले, त्याचे नाव ‘द ग्रँड रिबेल’. (पारसनिसांबरोबर मराठ्यांचा इतिहास लिहिणारे किंकेड ते याचे वडील.) पुस्तक महाराजांविषयी आदराने लिहिलेले आहे. तोवर इंग्रजीत ग्रँडचा अर्थ सरकून भव्य, उदात्त असा झाला होता. किंकेडला दोन्ही अर्थ माहीत असणार. जुन्या कागदातले बिरुद उचलून नव्या अर्थाने मिरवणे ही लेखकाची खुबी. पण झाले असे की पुस्तकाचे नाव लोकांनी पाठ केले आणि त्याचा अर्थ मागे नेऊन १६६४ च्या कारकुनाच्या तोंडी घातला. शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये पुण्याहून शिवाजीविषयक इंग्रजी कागदांचा मोठा संग्रह छापला आहे. तो उघडून ओळीने वाचला तर हा भ्रम अर्ध्या तासात जातो. जाडजूड आहे, पण सोपा आहे.

परक्यांच्या कागदात खरेच कौतुकाचे विशेषण हवे असेल, तर तेही आहे. गोव्यात मुरगावचा कोस्मी द ग्वार्द याने १६९५ मध्ये पोर्तुगीजमध्ये महाराजांचे चरित्र लिहिले आणि ते १७३० साली लिस्बनला छापले गेले. त्याच्या नावातच दोन विशेषणे आहेत : प्रसिद्ध आणि परमभाग्यशाली. चरित्राच्या तपशिलात चुका पुष्कळ आहेत, पण नावापुरता प्रश्न मिटतो. तिथे वादाला जागा नाही. तरी मोबाईलवर ते कधी फिरत नाही. इंग्रजाने दिलेल्या प्रशस्तिपत्राची आपल्याला जी ओढ आहे, ती पोर्तुगीजाच्या नाही. हे मला जरा खटकते.

हे सगळे आता उकरण्याचे कारण व्यवहाराचे आहे. कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रज दफनभूमीत ऑक्सिंडेन बंधूंची ती घुमटांची प्रचंड समाधी आहे. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला, जॉर्ज १६६९ मध्ये. आमच्या पदयात्रेचा तो शेवटचा थांबा. तिथे लोकांच्या हातात द्यायला मराठी, गुजराती अशी दोन भाषांतली पत्रिका तयार होत आहे आणि त्यात १६६४ च्या नोंदीचा उल्लेख आहे. पहिल्या मसुद्यात ‘महान बंडखोर’ असे आले होते. उधना-लिंबायतकडचे आमचे खानदेशी सभासद म्हणाले, तसेच राहू द्या, लोकांना आवडते. एकांनी सुचवले की सरळ ‘बंडखोर’ ठेवा, विशेषण गाळा. पण विशेषण गाळले तर अनेकांतला पहिला हा अर्थ जातो, आणि ‘महान’ ठेवले तर कंपनीच्या कारकुनाला त्याने न केलेल्या भक्तीचे श्रेय मिळते.

शिवाय पत्रिका ज्या थडग्यासमोर वाचली जाणार, त्यात झोपलेला माणूस ते चार दिवस खिडकीतून जळते शहर बघत होता. बाजूच्या गल्लीत लुटल्या गेलेल्यांचे वंशजही याच शहरात राहतात आणि तेही पदयात्रेला येतात. त्यांच्या हातात इंग्रजांच्या नावावर खपवलेले कौतुक द्यायला माझा हात धजत नाही. महाराजांबद्दल आपल्याला जे म्हणायचे ते आपल्या नावावर म्हणावे, पत्रिकेच्या दुसऱ्या परिच्छेदात त्याला जागा ठेवली आहे.

माझा पाठ मराठीत ‘दख्खनचा मुख्य बंडखोर’ असा आहे. ‘थोरला बंडखोर’ अधिक अचूक होईल, पण घाईत वाचणारा थोरलाचे थोर करणार हे दिसतेच आहे. गुजराती मजकूर करणाऱ्या सभासदाने ‘मोटो’ ठेवला आहे, आणि रिबेलसाठी ‘बहारवटियो’ घालू का असे विचारले. सौराष्ट्रात अन्याय झाला म्हणून घर सोडून रानात जाणारा, राजाविरुद्ध शस्त्र धरणारा तो बहारवटियो. शब्द सुंदर आहे, पण त्यात सहानुभूती आहे आणि वखारीतल्या लेखनिकाला ती नव्हती. ‘बळवाखोर’ वापरावा असे मी सुचवले आहे. पुढच्या बैठकीत दोन्ही पाठ मांडू. ज्यांना मूळ नोंद पाहायची आहे त्यांनी थोडे आधी यावे, संग्रहाची प्रत टेबलावर असेल.